सागवान, तेंदू, मोह आणि वाघ : गडचिरोली पोलीस दलाची वाटचाल

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन झाले आणि वैनगंगेपलीकडचा, प्राणहितेच्या काठाने थेट गोदावरीपर्यंत उतरणारा मुलूख गडचिरोली जिल्हा म्हणून वेगळा निघाला. क्षेत्रफळ साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आणि त्यातले तीन चतुर्थांशाहून अधिक जंगल. जिल्ह्याबरोबर गडचिरोली जिल्हा पोलीस दलही स्वतंत्रपणे उभे राहिले. तोवर सिरोंच्याच्या ठाण्यातला कागद चंद्रपूरच्या अधीक्षक कार्यालयात पोहोचायचा तो दोनशे किलोमीटर तुडवून. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटायचा. मग ठाणे, शाळा, दवाखाना सगळेच आपापल्या नशिबावर. अशा मुलखात कायद्याच्या आधी व्यापारी पोहोचतो आणि व्यापाऱ्याच्या मागोमाग गुन्हेगार. गडचिरोली आणि चंद्रपूर, दोन्ही जिल्ह्यांत तेच झाले.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहिताना अधिकाऱ्यांची नावे, त्यांचे कार्यकाळ आणि पदके क्रमाने मांडण्याची रीत आहे. ती माहिती कार्यालयातल्या फलकांवर आहेच. या दलाचा इतिहास मला गुन्ह्याच्या मालावरून सांगावासा वाटतो. मुंबईतल्या टोळ्या सोने, जमीन, बांधकाम आणि सिनेमा यांवर पोसल्या गेल्या. १९९९ चा मोक्का कायदा आला तो प्रामुख्याने त्यांना डोळ्यांपुढे ठेवून. आमच्याकडच्या टोळ्या जंगलावर पोसल्या गेल्या. सागवान, तेंदूपान, मोहफूल आणि वाघ या चार गोष्टींभोवती इथली संघटित गुन्हेगारी फिरत राहिली, आणि प्रत्येक वेळी पोलिसांना एकच गोष्ट नव्याने शिकावी लागली. गावातला माणूस पोलिसाशी बोलू लागला तेव्हाच गुन्हा आटोक्यात आला. तो गप्प होता तोवर कितीही बंदुका आणल्या तरी उपयोग झाला नाही.

सागवानाची गोष्ट सगळ्यात जुनी. आलापल्ली, अहेरी, सिरोंचा या पट्ट्यातले सागवान इंग्रजांच्या काळापासून नावाजलेले. आलापल्लीजवळचे ‘वनवैभव’ ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या झाडांची उंची आणि घेर वेगळा सांगायला नको. अशा झाडांच्या पलीकडे नदी, आणि नदीपलीकडे दुसरे राज्य. रात्री झाड पडायचे, ओंडके बैलगाडीने काठावर यायचे, एकत्र बांधून पाण्यात सोडले जायचे आणि पहाटेपर्यंत पैलतीराला लागायचे. पात्राच्या मध्यावर पोलिसाची हद्द संपते. तस्कराची संपत नाही. पकडला जायचा तो कुऱ्हाड चालवणारा, ज्याच्या हाती रात्रीची मजुरी तेवढी पडे. खटला त्याच्यावर, जामिनासाठी बैल विकायचा तो त्यानेच. माल घेणारा सावकार आणि आरागिरणीवाला क्वचितच आरोपीच्या पिंजऱ्यात दिसला. वनखात्याचा माणूस काय आणि पोलीस काय, आदिवासींच्या नजरेत दोघांची खाकी सारखीच होती. त्या खाकीने कोंबडी, तूप आणि फुकटची वेठ वसूल केल्याच्या आठवणी जुन्या माणसांच्या तोंडून आजही ऐकायला मिळतात. गौरवग्रंथात हे लिहू नये असे कुणाला वाटेल. पण पुढे जे घडले त्याचे मूळ इथे आहे, म्हणून ते लिहिलेच पाहिजे.

आंध्रात १९८० च्या एप्रिलमध्ये पीपल्स वॉर ग्रुप या नक्षलवादी संघटनेची स्थापना झाली आणि त्याच वर्षी त्यांची माणसे गोदावरी ओलांडून सिरोंच्यात उतरली. नोव्हेंबरात मोयाबिनपेठा इथे पेद्दी शंकर हा त्यांचा कार्यकर्ता पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. १९८४ साली कमलापूरला त्यांनी मोठे अधिवेशन भरवायचे ठरवले होते, ते पोलिसांनी होऊ दिले नाही. पोलिसांच्या दृष्टीने बंदोबस्त यशस्वी झाला. पण त्यांची दलम, म्हणजे सशस्त्र तुकड्या, गावोगाव फिरत राहिल्या, कारण त्यांनी हात घातला तो खऱ्या दुखण्याला. तेंदूपानाची मजुरी फार कमी होती, बांबू कटाईचा दर तुटपुंजा होता, वनरक्षकाचा जाच रोजचा होता. दलमच्या दबावाने मजुरी वाढली हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यामुळे या चळवळीचा सगळा इतिहास मी गुन्हेगारीच्या खात्यात टाकणार नाही. मात्र याच तेंदूच्या पानावर पुढे जे वसुलीचे तंत्र उभे राहिले त्याला संघटित खंडणीखेरीज दुसरे नाव देता येत नाही.

ते तंत्र समजून घ्यायचे तर तेंदूचा हंगाम डोळ्यांपुढे आणावा लागेल. मे महिन्यात उजाडायच्या आत घरातली सगळी माणसे जंगलात शिरतात. ऊन चढेपर्यंत पाने खुडून आणतात. दुपारी ओसरीवर बसून सत्तर सत्तर पानांचा पुडा बांधायचा आणि संध्याकाळी तो गावच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर न्यायचा. फळीमुन्शी पुडे मोजून कार्डावर आकडा टाकतो. पुडे मोकळ्या जागेत ओळीने उन्हाला लावतात, उलटवतात, वाळले की पाणी शिंपून बोदात भरतात आणि बोद ट्रकवर चढतात. सगळा खेळ काही आठवड्यांचा. एक अवकाळी पाऊस पडला किंवा एक फळी पेटली की ठेकेदाराचा लाखोंचा माल गेला. जंगलात त्याच्या मालाला कुलूप नाही, भिंत नाही, विमा असला तरी पंचनाम्याला कोण जाणार? म्हणून कुणी फळी जाळण्याची धमकी दिली की ठेकेदार मुकाट्याने पैसे मोजतो. हा पैसा तो स्वतःच्या खिशातून देत नाही; लिलावाच्या बोलीत आणि मजुरीच्या हिशेबात तो आधीच कापलेला असतो. म्हणजे ज्यांच्या नावाने वसुली झाली त्यांच्याच ताटातून ती निघाली. पुढे रस्त्याचे ठेकेदार, बांबूवाले, वाहतूकदार असे सगळे या वसुलीच्या यादीत आले. न देणाऱ्याचा रोडरोलर पेटला, ट्रक पेटले. २०१६ च्या डिसेंबरात एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावर सुमारे ऐंशी वाहने एका फटक्यात जाळली गेली.

या वसुलीपुढे पोलिसांकडे पहिली दहा वर्षे उत्तर नव्हते. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेला शिपाई माडिया किंवा गोंडी बोलत नसे, वाट ओळखत नसे, नाल्याचे नाव त्याला ठाऊक नसे. बदली होईपर्यंतचे दिवस मोजणे हाच त्याचा कार्यक्रम. गडचिरोलीची नेमणूक म्हणजे शिक्षा, असे खात्यातच बोलले जायचे. शिक्षा भोगणाऱ्या माणसाकडून लढाईची अपेक्षा करणे चूक होते.

१९९० मध्ये पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी ही चूक ओळखली. जिल्ह्यातल्याच साठ तरुणांची निवड करून त्यांनी एक पथक बांधले, तेच सी-६०. ही मुले इथल्याच तालुक्यांतली, याच रानात गुरे राखलेली, शिकारीची वाट आणि पाणवठा माहीत असलेली. माडिया, गोंडी, छत्तीसगढी, तेलुगू यांपैकी दोन-तीन भाषा तरी प्रत्येकाच्या तोंडी असत. चार रात्री झाडाखाली काढणे त्यांना नवे नव्हते. पुढे पथक वाढत गेले, त्याच्या अनेक पार्ट्या झाल्या, आणि पार्टी तिच्या कमांडरच्या नावाने ओळखली जाण्याची पद्धत रूढ झाली. नकाशावर न सापडणारा टोला जवान चुलत्याच्या सासुरवाडीवरून ओळखे. हैदराबादच्या ग्रेहाउंड्सकडे, मानेसरला, कांकेरच्या जंगलयुद्ध शाळेत, नागपूरच्या सुराबर्डी केंद्रात त्यांना प्रशिक्षण मिळाले. पण या पथकाची मूळ ताकद त्यांच्या घरच्या पत्त्यात होती.

त्याच पत्त्याने त्यांना धोकाही दिला. जवानाचे आईवडील गावातच राहात होते. रात्री दलम दारात आले की मदतीला येणारे पोलीस ठाणे वीस-तीस किलोमीटर दूर. कितीतरी जवानांना आपली कुटुंबे गाव सोडून तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या गावी आणावी लागली. सणाला, लग्नाला, अगदी मयतीलाही स्वतःच्या गावी जाता आले नाही असे जवान या दलात आहेत. पदकाच्या प्रशस्तिपत्रात याची नोंद नसते.

१९९१ मध्ये आमदार धर्मरावबाबा आत्राम यांचे अपहरण झाले आणि त्यांच्या सुटकेसाठी तुरुंगातल्या शिवण्णा या नक्षल नेत्याला सोडावे लागले. खंडणीसाठी माणूस उचलून नेणाऱ्या टोळीचीच ही रीत. फक्त मागितलेली किंमत वेगळी. त्यानंतरच्या काळात ‘पोलीस खबऱ्या’ हा शिक्का मारून गावकऱ्यांना मारण्याचे सत्र सुरू झाले. पोलिसांच्या नोंदींनुसार आजवर पाचशेहून अधिक सामान्य नागरिक या जिल्ह्यात मारले गेले. त्यांत पोलीस पाटील आहेत, सरपंच आहेत, आत्मसमर्पण करून शेती करू लागलेली माणसे आहेत, आणि कुणाशी नुसते बसस्टँडवर बोलले म्हणून संशय आलेले तरुणही आहेत. दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये सापडलेल्या आदिवासी माणसाचे हे नुकसान या इतिहासातले सगळ्यात मोठे आहे. वर्दीतली माणसे आणि त्यांच्यावर बंदूक रोखणारी माणसे बऱ्याचदा एकाच समाजाची, कधी एकाच गावची होती, हेही विसरता येत नाही.

२००९ हे वर्ष दलाच्या मनावर कोरले गेले आहे. १ फेब्रुवारीला मरकेगाव इथे १५ पोलीस, २१ मे रोजी हत्तीगोटा इथे १६ पोलीस, त्यांत पाच महिला पोलीस, आणि ८ ऑक्टोबरला, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना, लाहेरी इथे १७ पोलीस. नक्षलवाद्यांच्या हल्ल्याच्या या तीन घटनांत ४८ माणसे गेली. मदत पोहोचायला लागलेला वेळ, संपर्क यंत्रणेची अवस्था, लहान तुकडीला मोठ्या टोळीने घेरणे, सगळ्या कमतरता एकाच वर्षात उघड्या पडल्या. या घटनांनंतर गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी गडचिरोलीचे पालकमंत्रिपद स्वतःकडे मागून घेतले. गृहमंत्र्याने दुर्गम जिल्ह्याची जबाबदारी मागून घेणे ही गोष्ट इथल्या पोलिसांना आणि लोकांनाही फार मोलाची वाटली होती.

त्यानंतरच्या दशकात दलाने हालचालीची पद्धत बदलली. रस्त्याऐवजी रानातून चालणे, एकाच वाटेने परत न येणे, सापळ्यात अडकण्याआधी बातमी मिळवणे. २२ एप्रिल २०१८ रोजी इंद्रावतीच्या काठावर कसनासूर-बोरिया इथे आणि लगोलग झालेल्या दुसऱ्या चकमकीत मिळून पोलिसांनी माओवादी म्हटलेले चाळीस जण ठार झाले. त्या चकमकीनंतर गट्टेपल्ली गावच्या काही कुटुंबांनी आपली मुले लग्नाला म्हणून निघाली होती असे सांगितले. त्यांचे दुःख या पानावर यायलाच हवे. दलाचा इतिहास लिहिताना विजयाची बाजू तेवढी लिहिली तर गावांचा विश्वास मिळवल्याचा दावा पोकळ ठरतो. पुढच्याच वर्षी, १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी कुरखेडा तालुक्यातल्या जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगात १५ जवान आणि त्यांना नेणारा खासगी गाडीचा चालक असे सोळा जण गेले. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली गेली होती, तिकडे निघालेले हे पथक होते. १३ नोव्हेंबर २०२१ च्या मर्दिनटोल्याच्या चकमकीत पंचवीसहून अधिक माओवादी मारले गेले, त्यांत केंद्रीय समितीचा सदस्य मिलिंद तेलतुंबडे होता. या चार दशकांत या दलाने दोनशेहून अधिक माणसे गमावली.

बंदुकीच्या या हिशेबाखाली दुसरे एक काम सावकाश चालू होते आणि माझ्या मते खंडणीचे कंबरडे मोडले ते त्याने. २००५ पासून राज्याची आत्मसमर्पण योजना आहे. सहाशेहून अधिक जणांनी इथे शस्त्र खाली ठेवले. पोलीस मदत केंद्रांवर ‘दादालोरा खिडकी’ सुरू झाली, म्हणजे जातीचा दाखला, आधार कार्ड, भाताचे बियाणे, नोकरीचा अर्ज या कामांसाठी गावकरी ठाण्याची पायरी चढू लागला. आयुष्यात पहिल्यांदा पोलीस ठाण्यात जायचे ते स्वतःच्या कामासाठी, ही साधी वाटणारी गोष्ट इथे मोठी होती. वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा अशा ठिकाणी, जिथे वर्षानुवर्षे सरकार म्हणून कुणी गेले नव्हते, तिथे नवी मदत केंद्रे उभी राहिली. वांगेतुरीचे केंद्र २० नोव्हेंबर २०२३ रोजी एका दिवसात उभे केले. २०२५ च्या पहिल्या दिवशी त्या भागात एसटी सुरू झाली.

आणि पेसा कायदा व वनहक्क कायद्यामुळे तेंदू-बांबूचा व्यवहार ग्रामसभांच्या हाती आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये आपला बांबू आपल्या वाहतूक परवान्यावर विकून वाट दाखवली. लिलाव ग्रामसभेत, पैसे बँकेच्या खात्यात, हिशेब गावासमोर असे झाले की मधल्या वसुलीला जागा कमी होते. सगळीकडे ती संपली असे म्हणवत नाही, पण तेंदूच्या पैशाचा मालक कोण हे तरी स्पष्ट झाले. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव या माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापुढे शस्त्र ठेवले. १९८० मध्ये सिरोंच्यात सुरू झालेल्या प्रकरणाचे ते महत्त्वाचे पान.

आता मोहफुलाकडे वळतो. मोह हा आदिवासी घरचा देव, औषध आणि उपासाच्या दिवसातले अन्न. सणासुदीला घरी गाळलेली दारू हा एक भाग, आणि दारूचा धंदा हा वेगळा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या पुढाकाराने, गावोगावच्या बायांच्या आणि संघटनांच्या रेट्याने १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली चंद्रपूरच्या महिलांनी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरातही बंदी लागू झाली. वर्धा आधीच कोरडा होता. तीन जिल्ह्यांचा हा पट्टा आणि भोवती तेलंगण, छत्तीसगड, नागपूर, यवतमाळ, भंडारा, गोंदिया असे ओले प्रदेश. तस्करांना एवढे पुरेसे होते.

बंदीनंतरचा धंदा पूर्वीच्या दुकानदारीहून अगदी निराळा निघाला. ठोक विक्रेता जिल्ह्याबाहेर, मालाची गाडी चोरीच्या किंवा बदललेल्या नंबरपाटीची, पुढे मोटारसायकलवरचा पाळतीचा पोरगा, आणि गावात चिल्लर विकणारी बहुधा एखादी गरजू विधवा, म्हणजे धाड पडली तर गुन्हा तिच्यावर. सागवानाच्या वेळचीच रचना. पोलिसांच्या गुन्ह्यांच्या आकड्यांत त्या काळात दारूचे गुन्हे भरमसाट वाढले, पण आकडे वाढवणे सोपे होते. मालक सापडणे अवघड होते. ६ नोव्हेंबर २०१८ रोजी, ऐन दिवाळीत, नागभीड ठाण्याचे उपनिरीक्षक छत्रपती चिडे यांनी मौशी परिसरात दारूची गाडी अडवायचा प्रयत्न केला. गाडी त्यांच्या अंगावर घातली गेली आणि त्यांचा मृत्यू झाला. चंद्रपूर पोलिसांच्या इतिहासात हे नाव कायम घेतले गेले पाहिजे. २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली. बंदी असावी की नसावी यावर जिल्ह्यात आजही दोन तट आहेत. मला एवढेच दिसते की कायदा करून पोलिसांच्या हाती सोपवायचा आणि पुढे मनुष्यबळ, वाहने, न्यायालयातले सरकारी वकील यांकडे पाहायचे नाही, अशाने कायदा आणि शिपाई दोघेही बदनाम होतात.

गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या शासन, बंग दांपत्याची ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट यांच्या संयुक्त उपक्रमाने जे केले त्यातून पोलिसांनाही शिकायला मिळाले. गावातल्या बाया संघटना करतात. नाल्याकाठी वाळूत, पालापाचोळ्याखाली प्लास्टिकच्या ड्रममध्ये मोहाचा सडवा पुरलेला असतो. लोखंडी सळई जमिनीत खुपसत त्या काठ धुंडाळतात. सळईला आंबूस वास लागला की तिथेच खणतात. ड्रम वर काढून सडवा ओतून देतात आणि मग ठाण्याला फोन जातो. पंचनाम्याला पोलीस येतात तेव्हा अर्धे काम झालेले असते. अशा वेळी ठाणेदाराने त्या बायांना अर्धा दिवस व्हरांड्यात बसवले तर पुढच्या वेळी त्या येत नाहीत, आणि लगेच जबाब घेऊन गाडीने घरी सोडले तर शेजारच्या गावातही संघटना होते. या दलातल्या चांगल्या ठाणेदारांची ओळख गावांत याच गोष्टीवरून राहिली आहे. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, त्यासाठी लागणाऱ्या सुगंधित तंबाखूचेही दारूसारखेच. राज्यात बंदी, पण दोन्ही जिल्ह्यांत पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच, आणि त्यामागची पुरवठ्याची साखळी दारूच्या साखळीहून वेगळी नाही.

चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात, बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा, माजरी या बाजूला, टोळ्यांचे स्वरूप शहरी आहे. कोळशाची चोरी, वाहतुकीतली दादागिरी, देशी कट्टे. तिथे तडीपारी आणि मोक्का ही नेहमीची हत्यारे चालतात. तो इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

वाघाच्या बाबतीत पोलिसांना दुय्यम भूमिका घ्यावी लागली, कारण गुन्हा वनखात्याच्या अखत्यारीतला. पण टोळी पाहिली तर इथली सगळ्यात संघटित तीच. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान, १९९५ पासून व्याघ्र प्रकल्प. वाघ वाढले, कोअरबाहेर पसरले, वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत पुन्हा नांदू लागले. त्यांच्या मागावर मध्य प्रदेशातले आणि उत्तरेकडचे सराईत शिकारी आले. पाणवठ्याच्या वाटेवर लोखंडी जबड्याचा सापळा पुरायचा, साखळी खुंट्याला बांधायची आणि वाघ अडकला की कातड्याला भोक पडू नये म्हणून तोंडात भाला खुपसायचा, ही त्यांची पद्धत. २०१२ च्या एप्रिलमध्ये पळसगाव भागात अशा सापळ्यांत दोन वाघ अडकले. एक मेला, एक वाचवता आला. मे महिन्यात चंद्रपूरजवळ बोर्डा इथे तुकडे केलेला वाघ सापडला. राज्यभर खळबळ उडाली, वनरक्षक मेटल डिटेक्टर घेऊन पाणवठे तपासू लागले.

पुढचा मोठा धागा दूर ईशान्येत लागला. २०२३ च्या जूनअखेर गुवाहाटीत वाघाचे कातडे आणि हाडे पकडली गेली, आणि चौकशीतून माग निघाला तो थेट गडचिरोली शहराजवळच्या आंबेशिवणीचा. तिथे झोपड्या टाकून राहिलेल्या बावरिया टोळीला जुलैमध्ये पकडण्यात आले. शिकार गडचिरोलीत, माल आसाम-मेघालयातून म्यानमारच्या दिशेने, पैसा फिरून बँक खात्यांत. २०२५ च्या जानेवारीत राजुऱ्यात एक कुख्यात शिकारी हाती लागला तेव्हा तपास पुन्हा शिलाँगपर्यंत गेला. मोबाइलचे तपशील, खात्यांतले व्यवहार, रेल्वेची तिकिटे यांवरून टोळी उलगडत नेण्याचे काम वन आणि पोलीस या दोन्ही खात्यांनी मिळून केले तेव्हाच ते जमले. आंबेशिवणीच्या झोपड्या गावाशेजारी होत्या, ये-जा रोज दिसत होती. एखाद्या गावकऱ्याने चार महिने आधी सांगितले असते तर? आणि सांगायला तो कुणाकडे गेला असता? वनखात्याने आणि पोलिसांनी मिळून सोडवायचा प्रश्न हा आहे.

आज या दलापुढची कामे बदलत आहेत. पूर्वी ज्या मुलांनी सी-६० मध्ये पाठीवर वीस-पंचवीस किलोचे ओझे घेऊन रात्री काढल्या, त्यांच्यातले बरेच आता निवृत्तीच्या वयाला आले आहेत. त्यांना माहीत असलेल्या वाटा, दलमच्या वसुलीच्या पद्धती, कुठल्या गावाने कधी साथ दिली, कुठे पोलिसांचेच चुकले, यातले फार थोडे कागदावर आहे. अधिकाऱ्यांची पुस्तके निघतात, मुलाखती होतात. पार्टीतल्या शिपायाची, ठाण्यातल्या बिनतारी संदेशवाहकाची, हुतात्म्याच्या आईची गोष्ट कुठे छापून येत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांपैकी जे कुणी या दलात होते, किंवा ज्यांच्या घरातले माणूस या दलात होते, त्यांना विनंती आहे की आपल्या आठवणी लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर नातवंडांकडून लिहवून घ्या, मोबाइलवर बोलून ठेवा, माडियात, गोंडीत, तेलुगूत, ज्या भाषेत मनासारखे सांगता येईल त्या भाषेत. मृत्युमुखी पडलेल्या गावकऱ्यांच्या घरच्यांनीही सांगावे, आणि त्यांचे म्हणणे आपल्याला टोचणारे असले तरी पुढच्या स्मरणिकेत ते जसेच्या तसे छापावे.